नजाकत, तीनदा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज ह्यांनी मले 'नजाकत' हा शब्द तीनदा टाइप कराले लावला. तिन्ही वेळा करिश्मासाठी.

आधी 'करिश्माच्या अदाकारीतली नजाकत', मंग 'नजाकतीने सावरलेला पदर', अन् शेवटी 'झाडीपट्टीच्या रंगभूमीला लाभलेली ही नजाकत'. तिसऱ्या वेळी मी मोबाईल खाली ठेवला अन् विचारलं, "मराठीत दुसरा शब्द नाई का जी?" तं म्हणतात, "टाइप कर ना जाहिदा, गुरुवारचं पान आपल्यासाठी थांबून राह्यते का?"

पंधरा वर्षं झाले, हे चंद्रपूरच्या पेपरात दर गुरुवारी नाटकाबद्दल लिहतात. दुकान घड्याळाचं, पण वडशात ह्यांले घड्याळजी कमी अन् 'नाटकावर लिहणारे हाफिजभाऊ' जास्त म्हणतात. दिवाळी झाली की आमच्या इथल्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात, मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, रात्रभर नाटक. हे जातात, पहाटे येतात, दुपारी बोलतात. आधी स्वतः टाइप करत. आता दोन्ही डोळ्यात मोतिबिंदू पिकला, अक्षर दिसत नाई, तं हे बोलतात अन् मी बोटं चालवते.

घड्याळाचा काटा दिसत नाई. भाजीतला खडा दिसत नाई. करिश्माच्या पदराची नजाकत बरोबर दिसते!

कोणाले सांगू? सायमाले सांगितलं तं ती गडचांदूरहून फोनवर हसन. म्हणन, अम्मी, तुमचं वय काय अन् तुम्ही जळता कोणावर. म्हणून ह्या डायरीले सांगते. घड्याळाच्या कंपनीनं दुकानात फुकट दिलेली आहे, अर्धं वर्ष कोरीच पडून होती.

हो, जळते मी. एकतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यासाठी एक शब्द लिहला नाई. बिर्याणी चांगली झाली तं म्हणतात, "ठीक आहे." ठीक! अन् एटापल्लीकडून आलेल्या त्या पोट्टीले नजाकत, तीही तीनदा.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

पाठवताना मी एक नजाकत खाऊन टाकली. मधातली, पदरावाली.

आज पेपर आला.  ह्यांनी काउंटरवर पान पसरलं, घड्याळ उघडताना डोळ्याले लावतात ते भिंग लावलं अन् नाक कागदाले टेकवून बसले. लेखाच्या खालीच कंपनीची जाहिरात असते अन् त्यात करिश्माचा फोटो, हिरवा शालू घातलेला. किती वेळ पाहावं माणसानं! मी डबा घेऊन उभी, अन् हे भिंगातून फोटो पाहून राह्यले.

"जेवा आता," मी म्हटलं.

"हं," म्हणाले. अन् हसले. त्या फोटोकडे पाहून हसले!


१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी मोठाच कारभार केला. लिहून ठेवते.

'मांडव मोडला पाटलानं' हे ह्या सीझनचं नाटक. श्रीहरीभाऊच्या कंपनीचं. पाटील बायकोच्या जावेच्या कानभरणीनं आपल्याच पोरीच्या लग्नाचा मांडव उपटते, अन् मंग तीन तास सगळे रडतात. पोरगी म्हणजे करिश्मा. सावरटोल्याचा प्रयोग हे पाहून आले अन् मले एवढंच सांगितलं, "शेवटच्या अंकात करिश्मा मधोमध उभी राहून सगळं भाषण बोलली." मंग नजाकत सुरू.

हे नमाजाले गेले. मी नजाकत सगळीच काढली. अन् तिच्या जागी हे टाकलं:

'शेवटच्या अंकात करिश्मा मांडवाच्या खांबासारखी एकाच जागी उभी राहते. वरात परत जाते, तरी खांब हलत नाही. रडायची वेळ आली की ती कपाळावर हात मारून घेते. खरं दुःख झालेली बाई कपाळ बडवत नाही. ती आधी उरलेल्या पोळ्या झाकून ठेवते.'

कपाळाचं मी कंपनीच्या व्हिडिओत पाह्यलं होतं, ते काही खोटं नाई. पोळ्यांचं कुठून आलं मले माहीत नाई. माझे अब्बा गेले तेव्हा अम्मीनं आधी पोळ्याच झाकल्या होत्या. लिहताना ते आठवलं अन् बोट थांबलं नाई.

पाठवून दिलं. तौबा! 


२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठ दिवसांत वडसा नुसतं 'खांब खांब' करून राह्यलं. पानठेल्यावर खांब, दुधाच्या डेअरीवर खांब. दुकानात एक माणूस पट्टा बदलाले आला अन् म्हणाला, "हाफिजभाऊ, पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुमचं लिहलेलं मी दोनदा वाचलं." पेपरातले प्रफुल्लभाऊ फोन करून म्हणाले, "काय धार आली हो तुमच्या लेखणीले!"

हे "हो, हो" करत राह्यले. मले एक शब्द विचारला नाई. मले वाटते ह्यांले समजलंच नाई. म्हातारपण.

अन् काल कोण्या गावात करिश्मा स्टेजवर आली तं पोट्टे ओरडले म्हणे, "खांब आला रे, खांब!"

खरं सांगू? मले बम बरं वाटलं. चहात साखर जास्त टाकून प्यायली.


३ डिसेंबर, मंगळवार

ती घरी आली होती.

मी दार उघडलं तं समोर एक सुकलेली पोरगी, अंगात पुरुषी स्वेटर, पायात स्लिपर. मले वाटलं जनगणनावाली असन. म्हणाली, "हाफिजकाका आहेत का जी? मी करिश्मा."

काका म्हणते. म्हणणारच. सुरुवातीले सगळ्या काकाच म्हणतात.

मी तिले तुटका कान डिंकानं चिकटवलेल्या कपात चहा दिला. मुद्दाम. तिनं दोन्ही हातानं धरून तो असा प्याला की जसं आठ दिवसांपासून काही गरम पोटात गेलंच नाई. मी पडद्याच्या आड बसून कांदे कापले अन् सगळं ऐकलं.

"काका, तुमी लेहलं तं इचार करूनच लेहलं असन," ती म्हणाली. "पण सावरटोल्याले त्या दिवशी वरून तीन माइक लटकवले होते, त्यातला मधातला एकच चालू होता. मी बाजूले सरकली असती तं मांग बसलेल्या लोकाइले आवाजच गेला नसता. तिकीट तं त्यायनंबी काढलं होतं ना."

माझ्या हातातली सुरी थांबली. माइक! मी शेवटचं नाटक पाह्यलं तेव्हा सायमा कडेवर होती. नट माइकखाली येऊन बोलतात, माइक बंद पडला तं बिचारे एका जागी खिळतात, हे मी विसरूनच गेली होती. अन् ह्यांले तं माहीत होतं.

ह्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मंग म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. नाव माझं आहे, चूक माझीच."

कसा आवाज नरम केला होता! माझ्याशी असं कधी बोलले का? मीठ कमी पडलं तरी माझीच चूक, मीठ जास्त झालं तरी माझीच. अन् तिच्यासाठी न आठवणारी चूकसुद्धा अंगावर घेतली. मले वाटलं हातातले कांदे फेकावे.

जाताना ती दारात थांबली. "पण कपाळाचं बरोबर लेहलं काका. आमची माय मेली तवा मीबी कपाळ नाई बडवलं. मी बकऱ्या बांधाले गेलती."

ती गेल्यावर मी कप घासला. तुटलेला कान फेकत नाई मी, डिंकानं चिकटवून ठेवते. तोही आज निघाला.


१३ डिसेंबर, शुक्रवार

चौकात नवीन फ्लेक्स लागला. 'मांडव मोडला पाटलानं', मधात नागपूरहून आणलेली नटी, गॉगल लावून. करिश्मा कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. आता ती नवरीच्या लहान बहिणीचं काम करते म्हणे. सोमारीबाई, जी आमच्या गल्लीत दूध घालते, तिचा भाचा कंपनीत पेटी वाजवते. तिनं सांगितलं की श्रीहरीभाऊ बोलले, एवढा सीझन पाहू, नाई तं ह्या पोरीले पुढच्या वर्षी सुट्टी. गावोगावचे मंडळवाले नाटक बुक करताना विचारतात, 'खांब तं नाई ना देऊन राह्यले आमाले?'

"तिचं घर चालते वं ह्याच्यावर," सोमारीबाई म्हणाली. "भाऊ तिकडं शिकते तिचा."

मले आनंद व्हाले पाहिजे होता. मी फ्लेक्सखाली उभी राहून आनंदाची वाट पाह्यली. आला नाई. घरी येऊन मी ह्यांच्यावरच चिडचिड केली.

तिच्यावरचा राग मात्र गेला नाई. फोटो लहान झाला तरी हे भिंग लावून पाहतातच.


२६ डिसेंबर, गुरुवार

ह्यांचं ऑपरेशन चंद्रपुरात झालं. एक डोळा झाला, दुसरा आठ दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, महिनाभर धूळ नाई, धूर नाई, गर्दी नाई. म्हणजे नाटक नाई.

मी मनातल्या मनात अल्लाचा शुकर केला. पण हे हिरवी पट्टी बांधून पलंगावर बसले अन् म्हणतात, "जाहिदा, तू जा."

"कुठी?"

"नाटकाले. येऊन मले सांग. डोळे तुझे, शब्द माझे."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील? शेख घड्याळजीची बायको मंडपात रात्रभर!" तं म्हणाले, "बायाइची बाजू वेगळी असते, सोमारीबाईले सोबत घे. अन् लोकाइचं काय, ते तं घड्याळ बरोबर असलं तरी विचारतात, पुढं आहे का मागं."

मले जायचं नाई असं मी दोनदा म्हटलं. मंग पेटीतून जाड शाल काढली.


५ जानेवारी, रविवार

काल मोहटोल्याले जाऊन आली. सकाळी आली, झोपली, उठली, अन् आता दुपारचं ऊन अंगावर घेऊन लिहून राह्यली.

गावात मंडई होती, सगळ्याइच्या घरी पाहुणे. सोमारीबाईच्या बहिणीनं आम्हाले जेवू घातलं अन् बसाच्या पोत्यासहित मंडपात नेऊन बसवलं. बायाइची बाजू डाव्या हाताले. पुढं गवताच्या पेंढ्या, मागं खुर्च्या, अन् थंडी अशी की दात वाजावे.

आधी जावेबद्दल लिहते. नाटकातली जाऊ काळी साडी घालते, भुवया कोरते, दुधात विष कालवते अन् एकटीच हसते. ती आली की सगळा मंडप 'हुर्र' करते. मी पण आधी हसली. मंग मनात आलं, जळणारी बाई काळ्याच साडीत काऊन? मी तं मोतिया रंगाची घालते. अन् तिले विष कालवाले एवढा रिकामा वेळ कुठून भेटते? घरी भांडे नाई का घासायचे? ज्या माणसानं हे नाटक लिहलं त्याच्या घरात बाई जळत असन अन् त्याले ताटात भाजी वाढून देत असन, तरी त्याले पत्ता नसन.

दुसरं. पाटील बायकोले थापड मारते तेव्हा टाळी पडली. मी कान देऊन ऐकलं. टाळी उजवीकडून पडली. डावीकडं, आमच्या बाजूले, कोणी टाळी वाजवली नाई. सगळ्या शाली सारख्या करत होत्या. पंधरा वर्षांत हे 'प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला' लिहतात. अर्ध्या प्रेक्षकांनी लिहा ना!

मधात हंगामा झाला, म्हणजे नाटकाच्या मधातलं नाचगाणं. सिनेमाची गाणी, रंगीत लाइट, नाचणाऱ्या पोरी. गाणं तेच जे गावच्या लग्नात वाजते, पण इथी पोट्टे माना खाली घालून पाहत होते, काऊन की मागं खुर्चीवर बाप बसला होता. शेवटी बापच 'वन्स मोअर' ओरडला.

अन् रोशन नावाचा एक नट आहे, खलनायक मामा होते. काय मिशी, काय चाल! पण त्याचं राहू द्या.

आता करिश्मा. शेवटच्या अंकात पाटील मांडव मोडते. नागपूरवाली माइकखाली आली, कपाळ बडवून बडवून बोलली. शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. ती तेच भाषण पुन्हा बोलली. करिश्मा मागच्या कोपऱ्यात होती. तिले ना माइक, ना वाक्य. मोडलेल्या मांडवाचं आंब्याच्या पानाचं तोरण खाली पडलं होतं. तिनं ते उचललं. एक एक पान सुतळीतून काढलं, पदरानं पुसलं, एकावर एक ठेवलं, जशी पुढच्या लग्नाले कामी येणार आहेत. मंग चूल विझली का ते पाहाले गेली.

बस्, एवढंच. पण डावी बाजू अशी चूप झाली की मले सोमारीबाईचं नाक ओढणं ऐकू आलं. मी पण रडली. अन् रडता रडता असा राग आला मले! पोळ्या झाकणारी बाई मी लिहली होती. माझी होती ती. मी शब्दात लिहली अन् ह्या पोट्टीनं हातानं केली, अन् तिची माझ्यापेक्षा चांगली झाली.

सकाळी बसमध्ये एकच विचार. मोतिबिंदूवाल्या माणसाले ती कोपऱ्यातली पानं दिसली असती का? मंग हे पाहतात तरी काय तिच्यात?

घरी आल्यावर विचारलंच. हे पट्टीखालून हसले. "मले कुठी दिसत होतं काही? दोन वर्षांपासून आवाज ऐकून लिहतो. नजाकतचं म्हणशील तं मी सगळ्याइलेच नजाकत लिहतो. तीन वर्षांआधी ती सिरोंचाची होती ना, जाडजूड, तिलेही नजाकतच लिहलं. लिहाले काही नसलं की नजाकत."

मी आत जाऊन तांदूळ निवडले. निवडलेलेच होते, पुन्हा निवडले.


९ जानेवारी, गुरुवार

मंगळवारी ठरल्याप्रमाणे मी सांगाले बसली अन् हे बोलाले. पण हे 'नाटकाने रसिकांची मने जिंकली' बोलले की मी म्हणे, नाई, तसं नव्हतं. असं चार-पाचदा झालं. शेवटी म्हणाले, "मले झोप येऊन राह्यली. तूच टाक काय टाकायचं ते."

मी टाकलं. उजवी टाळी, डाव्या शाली, काळी साडी, तोरण. अन् हेही टाकलं: 'सावरटोल्याला करिश्मा खांब झाली ती माइक एकच चालू होता म्हणून. मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जी नटी एका जागी गाडून घेते तिला खांब म्हणणं ही लिहिणाऱ्याची चूक होती.'

आज छापून आलं. वर नाव: हाफिज शेख.


१६ जानेवारी, गुरुवार

आता मले दुसरीच आग लागली.

दुकानात रीघ लागली आहे. "हाफिजभाऊ, डाव्या बाजूचं काय लिहलं हो!" "भाऊ, बायाइच्या मनातलं कसं काय ओळखलं?" अन् हे काळा चष्मा लावून खुर्चीत बसतात, मान हलवतात, चहा मागवतात. डबा घेऊन मी उभी असते. एक बाई मले म्हणाली, "नशीबवान आहेस वं, असा समजदार नवरा भेटला."

समजदार! घरी आल्यावर ह्यांले चपला पलंगाखालून मीच काढून देते.

करिश्मावर जळत होती तेव्हा बरं होतं, ती दूर तरी होती. हा माणूस माझ्या शेजारी घोरते. माझ्या वाक्याचे हारतुरे घेऊन घोरते.

सोमारीबाईनं सांगितलं, मंडळवाले आता बुक करताना विचारून राह्यले, तोरणवाली आहे ना? श्रीहरीभाऊनं तोरणाच्या सीनले पेटी बंद ठेवाले सांगितलं. नागपूरवाली रुसली म्हणे. फ्लेक्सवर करिश्माचा फोटो कोपऱ्यातून पुढं सरकला. मी चौकातून दोनदा गेली पाहाले. कामच होतं तसं.


२८ जानेवारी, मंगळवार

ह्यांचे दोन्ही डोळे आता साफ आहेत. तरी आज दुकानात जुने पेपर काढून भिंग लावून बसले होते. माझा पारा चढला. "आता तं सगळं दिसते ना? तरी करिश्माचा फोटो भिंगातून पाहावा लागते?"

ह्यांनी भिंग काढलं अन् माझ्यापुढं पान सरकवलं. "फोटो खाली आहे, जाहिदा. मी वरचं वाचत होतो."

"वरचं काय?"

"तू काय गाळलं अन् काय घातलं ते. चौदा नोव्हेंबरले पदरावाली नजाकत गाळली. मंग खांब. त्यातच पोळ्या." ह्यांनी एक एक पान दाखवलं. "घड्याळजी आहे मी. चाकाचा एक दाता कमी झाला तरी टिकटिक बदलते."

माझे कान गरम झाले. "मंग बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो तं तू थांबली असती."

मी ओट्यावर बसून गेली. करिश्मा आली तेव्हा 'चूक माझी' म्हणून जिले वाचवलं, ती मी होती. अन् मी पडद्याआड कांदे कापत ह्यांले शिव्या देत होती.

पण एवढ्या लवकर मी विरघळणारी नाई. मी म्हटलं, "अन् वीस दिवसांपासून हारतुरे घेऊन राह्यले ते?"

हे दुकानाच्या फळीकडं पाहत म्हणाले, "गोड लागत होते. पंधरा वर्षांत एवढे भेटले नाई." मंग फोन उचलला अन् माझ्यासमोर प्रफुल्लभाऊले लावला. "प्रफुल्ल, हे जे तू धार धार म्हणत होता ना, ते माझं नोहोय. घरातलं आहे. पुढच्या खेपेपासून नाव तिचं टाक."

फोन ठेवल्यावर ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, "काऊन वाटन?" अन् एका बंद घड्याळाले चावी देत बसले, ज्याचं मशीनच काढून ठेवलेलं होतं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

'जाहिदा हाफिज शेख.' छापून आलं.

सायमाचा फोन आला. "अम्मी, नाव काऊन टाकलं? सासरचे काय म्हणतील?" तासाभरानं तिच्याच सासूचा फोन, की सायमानं जुन्या लेखांसहित सगळ्या ग्रुपवर टाकलं, अन् पोळ्या झाकणारी बाई म्हणजे नक्की कोण?

करिश्माचाही आला. पहिल्यांदा ह्यांच्या फोनवर आला, पण म्हणाली, "काकीले द्या ना जी." श्रीहरीभाऊनं पुढच्या सीझनसाठी तिले नवरीचं काम दिलं, आत्ताच बोलणी केली. "काकी, ते पोळ्यांचं वाचूनच मले तोरण सुचलं होतं," ती म्हणाली. "तुमीच लेहलं होतं का ते?"

मी म्हटलं, "हो. अन् खांबही मीच लिहला होता."

ती मंग म्हणाली, "त्या दिवशीचा चहा मस्त होता काकी. कप तेवढा चटका देत होता."

डोक्यानं हुशार आहे पोट्टी. मले अजून पूर्ण आवडत नाई.

हे बाजूले उभे होते. फोन ठेवल्यावर विचारलं, "माझं काही विचारलं का तिनं?" मी म्हटलं, नाई. जेवताना ह्यांनी पोळी एक कमी खाल्ली.


२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचं लिहताना हसू आवरून नाई राह्यलं.

मंगळवारी मी रोशनवर लिहलं होतं, तो खलनायक मामा. त्याच्यावर आजपर्यंत कोणीच काही लिहलं नाई म्हणून. मी लिहलं: 'रोशन देखणा आहे, आणि त्याला ते माहीत आहे. त्याच्या डोळ्यांत अशी आग आहे की तो वाईट वागतो तरी डाव्या बाजूच्या बायका त्याच्यावर नजर ठेवून असतात.' लिहणं माझं, पण पाठवणं अजून ह्यांच्याच फोनवरून होते, माझ्याजवळ प्रफुल्लभाऊचा नंबर नाई.

सकाळी पेपर आला. हे दुकानात लवकर गेले होते, रोजच्यापेक्षा लवकर. मी चष्मा लावला. रोशन कुठंच दिसेना. पुन्हा वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत सापडला: 'रोशन यांचे काम ठीक.'

ठीक!

देखणा नाई. आग नाई. डाव्या बाजूच्या बायका नाई. मधातलं सगळं सफाईनं काढलं, घड्याळातून दाता काढावा तसं. एकतीस वर्षं बिर्याणीले मिळालेला शब्द आज रोशनच्या वाट्याले आला.

मी डबा घेऊन दुकानात गेली. हे मान खाली घालून एका घड्याळावर वाकलेले. मी पान काउंटरवर पसरलं, ह्यांचंच भिंग उचललं, डोळ्याले लावलं अन् नाक कागदाले टेकवून चांगला वेळ लावून वाचलं. हे वर पाहेनात. मानेपासून कानापर्यंत लाल झाले होते.

"काय पाहून राह्यली?" शेवटी विचारलं.

"खाली जाहिरात आहे," मी म्हटलं. "रोशनचा फोटो आला आहे आज."

ह्यांच्या चिमट्यातला स्क्रू खाली पडला. आम्ही दोघंही शोधत बसलो, डोकी एकमेकांले लागली, स्क्रू काही सापडला नाई. मी काही विचारलं नाई. विचारलं असतं तं थांबले असते.

घरी येताना बाजारातून मटण घेतलं. बिर्याणी करते आज.

मंगळवारी लिहाले बसणार आहे. 'देखणा' तीनदा येईल. तिन्ही वेळा रोशनसाठी.